खिशातले पिस्तूल आणि पाठातले पिस्तूल

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडल्या, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले आहे. त्या वाक्यातील 'पिस्तूल' या नामाकडे मात्र आम्ही मराठीच्या अध्यापकांनीही कधी नीट पाहिले नाही. वर्गात एका विद्यार्थ्याने "सर, ते आलं कुठून?" असे विचारले, तेव्हा आम्हांला याची जाणीव झाली.

ते लंडनहून आले. १९०९ च्या आरंभी चतुर्भुज अमीन यांनी दुहेरी तळाच्या पेटीतून वीस ब्राउनिंग पिस्तुले मुंबईस आणली. ती पाठवणाऱ्या सावरकरांना पुढे याच प्रकरणी जन्मठेप झाली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरवला होता. तेव्हा कोटाच्या खिशात मावेल, क्षणात बाहेर काढता येईल आणि पुन्हा न भरता लागोपाठ झाडता येईल असे हत्यारच उपयोगाचे होते. त्याचा लहानपणा हा शोभेचा भाग नव्हता, लपण्याची ती गरज होती. कान्हेरे तेव्हा औरंगाबादेस शिकत होते. औरंगाबाद आणि आमचे परभणी, दोन्ही त्या काळी निजामाच्या राज्यात होती. म्हणून ही कथा केवळ नाशिकची नाही.

समोरचा माणूसही पाठात अर्धाच येतो. बाबाराव सावरकरांचा खटला पुढे पाठवणारा जॅक्सन आपण सांगतो. संस्कृताच्या व्यासंगामुळे ज्याला 'पंडित' म्हटले जाई, ज्याने जमवलेल्या सामग्रीवरून एन्थोवेन यांनी १९१४-१५ मध्ये गुजरात व कोकणच्या लोकसमजुतींचे दोन खंड सिद्ध केले, तो जॅक्सन आपण गाळतो. लोकसाहित्य शिकवणाऱ्यांनी तरी तो गाळू नये. तो सांगितल्याने कान्हेरे यांचे धैर्य उणे होत नाही. उलट राज्ययंत्रणा आणि विद्वत्ता एकाच माणसात कशी नांदते, हा अवघड प्रश्न विद्यार्थ्यापुढे उभा राहतो. त्या रात्री रंगमंचावर देवलांचे 'संगीत शारदा' होणार होते. जरठ-कुमारी विवाहावरचे नाटक आणि प्रेक्षागृहातील हत्या यांचा हा शेजारही आपण केवळ तपशील म्हणून सोडून देतो.

हे आजच का लिहावेसे वाटले? गावठी कट्टा हाती धरून काढलेली छायाचित्रे आमच्या काही विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर फिरतात, आणि खाली क्रांतिकारकांची नावे असतात. १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये विनापरवाना कट्टा बाळगणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे, हे सांगणे आवश्यकच आहे. पण तेवढ्याने भागत नाही. कान्हेरे यांनी पिस्तूल लपवले आणि स्वतःला लपवले नाही. आजचा मुलगा कट्टा दाखवतो आणि जबाबदारी लपवतो. हा फरक पोलिसांपेक्षा साहित्याच्या अध्यापकाने अधिक नेमका सांगायला हवा, कारण कृती आणि तिची नक्कल यांतील अंतर ओळखणे हेच तर आपण शिकवतो.

१९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे फाशी गेले. कान्हेरे यांचे वय अठराच्या आसपास होते, म्हणजे आमच्या पहिल्या वर्षाच्या वर्गाएवढे. पाठात पिस्तुलाला जेवढी जागा मिळते, तेवढी तरी या वयाला मिळावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.