घरचें पहिलें वाचन

एकत्र कुटुंबांत मुलाला वाचावयास शिकविणारे पुष्कळ असतात. आजी मुळाक्षरें घोकवून घेते, काका एकदम धडाच पुढें ठेवितात, दादा ‘एवढेंही येत नाहीं?’ म्हणून हिणवितो. मूल पुस्तकास भिऊं लागतें, आणि ठपका मात्र त्याच्या बुद्धीवर येतो.

आमच्या मतें हें काम घरांतील एकानेंच, रोज दहा मिनिटें करावें. वर्णमालेचा क्रम उच्चारस्थानांवरून लागलेला आहे, आकारांच्या सोपेपणावरून नव्हे. म्हणून प्रथम ग, म, न हीं अक्षरें घ्यावीं. तेवढ्यावर ‘मन’, ‘नग’, ‘गगन’ हे शब्द मूल स्वतः लावितें. हा आनंद क ते ज्ञ पाठ करून मिळत नाहीं. घ व ध, तसेंच भ व म, एकाच दिवशीं शिकवूं नयेत.

डॉ. माँटेसोरी १९३९ सालीं भारतांत आल्या. त्यांच्या पद्धतींत मूल खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवितें. घरीं ताटांत तांदूळ पसरून त्यांत बोटानें अक्षर काढविलें तरी पुष्कळ साधतें.

रात्रीं गोष्ट वाचून दाखविण्याचें काम मात्र आजी, काका, दादा सर्वांनीं पाळीपाळीनें करावें. त्या वेळीं मुलाची परीक्षा कोणीं घेऊं नये.