भिंतीवरचा मधला डबा

दीपनगरच्या वीज केंद्रात ५०० मेगावॅटचे दोन संच उभे असले, तरी आसपासच्या गावांतली वीज जायची तेव्हा जातेच. मग पत्र्यावर एक पॅनल, खाली ट्यूब्युलर बॅटरी आणि दोघांच्या मधे भिंतीला ठोकलेला एक डबा, असा संसार मांडला जातो. पॅनलच्या वॉटवर घासाघीस होते, बॅटरीची वॉरंटी दोनदा वाचली जाते. मधला डबा मात्र दुकानदार देईल तो. बॅटरीचं आयुष्य बरंचसं त्याच्याच हातात असतं.

हा चार्ज कंट्रोलर. ‘बारा व्होल्टचं’ म्हणून विकलेलं पॅनल उन्हात मोकळं ठेवलं, तर एकवीस-बावीस व्होल्ट दाखवतं. शिसे-आम्ल बॅटरी मात्र साधारण १४.४ व्होल्टपर्यंत भरायची आणि नंतर साडेतेराच्या आसपास राखायची असते. ती लगाम धरण्याची जबाबदारी कंट्रोलरची. रात्री बॅटरीतला करंट उलटा पॅनलकडे जाऊ न देणं, हेही त्याचंच काम.

दुकानात दोन जाती मिळतात. स्वस्त तो पीडब्ल्यूएम, महाग तो एमपीपीटी. पहिला पॅनलला थेट बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून आणतो. ३३० वॉटचं, ७२ सेलचं पॅनल सदतीस व्होल्टला नऊएक अँपिअर देतं. ते पीडब्ल्यूएमवरून बारा व्होल्टच्या बॅटरीला जोडलं, की अँपिअर तेवढेच राहतात आणि हाती येतात जेमतेम ११५ वॉट. बाकीचे पैसे पत्र्यावर वाळत पडले! एमपीपीटी जास्तीच्या व्होल्टेजचं अँपिअरमध्ये रूपांतर करतो, म्हणून तिथे तोच हवा. सौर कृषी पंपाच्या कंट्रोलरमध्येही हीच युक्ती असते, फक्त तिथे बॅटरी नसते.

पण ३६ सेलचं लहान पॅनल आणि दोन-चार दिवे एवढाच मामला असेल, तर एमपीपीटीचा आग्रह मी धरणार नाही. मे महिन्यात आपल्याकडे पॅनल ६५ अंशांपर्यंत सहज तापतं. त्याचं कामाचं व्होल्टेज अठरावरून पंधराच्या आसपास उतरतं. बॅटरीही तिथेच असते, मग बदलायला उरतं काय?

त्या पैशांत तापमानाचा सेन्सर असलेला कंट्रोलर घ्यावा. १४.४ हा आकडा २५ अंशांचा आहे. बॅटरी ४५ अंशांना गेली, की तो अर्ध्या व्होल्टने खाली आणावा लागतो. नाही आणला तर पाणी उडतं, प्लेटा झिजतात, आणि डिस्टिल्ड वॉटर ओतता ओतता माणूस बॅटरी कंपनीला शिव्या देतो. सेन्सर वायरीने बॅटरीलाच चिकटवलेला हवा. डब्याच्या पोटातला सेन्सर भिंतीचं तापमान सांगतो, आणि बॅटरी मागच्या पत्र्याच्या खोलीत असेल तर त्याचा काय उपयोग?

जाता जाता एक. ‘पीएम सूर्यघर’मधून छतावर बसणाऱ्या साध्या, बॅटरी नसलेल्या यंत्रणेत हा डबा नसतो. महावितरणची लाइन गेली, की ती यंत्रणाही सुरक्षेसाठी बंद पडते. भारनियमनावर उपाय म्हणून ती घेणाऱ्यांनी हे आधीच विचारावं.

जोडणी करताना कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनल; काढताना उलट. आणि शिसे-आम्लच्या जागी लिथियम बॅटरी आणलीत, तर कंट्रोलरचं सेटिंग बदलल्याशिवाय मेकॅनिकला चहा पाजू नका. लिथियमला ‘इक्वलाइज’चा जादा चार्ज नको आणि तापमानानुसार व्होल्टेज खाली-वर करणंही नको. ज्या डब्यात लिथियमचा पर्यायच नाही, तो जुन्या बॅटरीबरोबरच भंगारात द्यावा.