घुमटाचे कौतुक, भुईची उपेक्षा

परसात विटामातीची भट्टी उभारून तीत लाकडे पेटवायची आणि घरच्या माणसांना पिझ्झा भाजून घालायचा, ही हौस अलीकडे बरीच बळावली आहे. हौसेला आमचा विरोध नाही. स्वतःच्या श्रमाने चार माणसांना ऊन ऊन खाऊ घालण्यात वाईट ते काय? आमची तक्रार निराळी आहे. पाहुणा आला की त्याला घुमट दाखविला जातो. भट्टीची भुई कशी केली, हे कोणी सांगत नाही व कोणी विचारीतही नाही. आणि पिझ्झा वरून करपला, खालून कच्चा राहिला, की दोष पिठाला, लाकडाला, क्वचित गृहिणीलाही दिला जातो!

दोष असतो भुईचा. घुमटाला ज्वाळा थेट चाटते. भुईला मिळालेली उष्णता मात्र खालचे काँक्रीट ओढून नेते. १९८४ साली स्थापन झालेली नेपल्सच्या पिझ्झा-कारागिरांची संस्था भुई ३८० ते ४३० अंश सेल्सिअस तापलेली असावी आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत निघावा, असा दंडक घालते. जिच्याखाली उष्णतारोधक थर नाही, अशा भुईवर पहिला पिझ्झा कसाबसा भाजतो. पुढच्यांसाठी ती तापेपर्यंत पाहुणे ताटकळतात.

यावर सुचविले जाणारे उपाय ऐकून हसावे की रडावे, हेच कळत नाही. कोणी म्हणतो, आणखी लाकूड घाला. म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतीत राहा! कोणी ओट्याची उरलेली कडप्पा वा शहाबादी फरशी आत सरकवितो. हे दोन्ही चुनखडक; जाळाखाली ते तडकतात आणि कपच्या उडतात. कोणी लोखंडी पत्रा घालतो. तो उष्णता इतक्या झपाट्याने देतो की वरचे शिजण्याआधी तळ जळतो. कोणी विटा सिमेंटात पक्क्या करतो. त्या तापात सिमेंटची पकड सुटते.

खरा उपाय साधा आहे, फक्त त्यात मिरविण्याजोगे काही नाही. भुईच्या विटा काढाव्यात. खाली ५ सेंटिमीटर जाडीची कॅल्शियम सिलिकेटची पाटी घालावी; ती न मिळाल्यास ५ भाग व्हर्मिक्युलाइट व १ भाग सिमेंट यांचा १० सेंटिमीटरचा थर देऊन तो पुरता वाळू द्यावा. त्यावर बारीक वाळू व अग्निमाती समभाग घेऊन पातळ पसरावी आणि अग्निविटा कोरड्याच, कडेला कड भिडवून, तिरप्या मांडाव्यात. म्हणजे पिझ्झा सरकविण्याची फळी कडांना अडत नाही. भिंतीशी थोडी फट ठेवावी, कारण विटा तापून फुगतात. नंतर आठवडाभर लहान जाळ रोज थोडा थोडा वाढवावा. घुमट भुईवरच उभा असेल, तर त्याच्याखालच्या विटांना हात लावू नये. आत पातळ पाटी व पातळ अग्निविटा घालाव्यात. मात्र भुई वर आली की दार ठेंगणे होते, हे ध्यानात असावे. दाराची उंची घुमटाच्या उंचीच्या सुमारे ६३ टक्के असावी, असा ठोकताळा आहे.

गोव्यात तरी हे अज्ञान शोभत नाही. आमचा पोदेर भट्टीत लाकडे जाळतो, निखारे ओढतो, ओल्या फडक्याने भुई पुसतो आणि तिने साठविलेल्या उष्णतेवर पोई व उंडे भाजतो. पिझ्झाला जिवंत ज्वाळा लागते, पोदेराला उतरती आच. पण भुईची काळजी दोघांना सारखीच. नेपल्सच्या पिझ्झा-कारागिरांच्या कलेचा युनेस्कोने २०१७ मध्ये गौरव केला, तो योग्यच होय. परंतु आमच्या पोदेरांची मुले धंदा सोडीत असताना त्यांच्याकडे चार गोष्टी शिकायला जाण्यात आम्हांला कमीपणा का वाटावा?

हौशी मंडळींनी एकदा पहाटे पोदेराच्या भट्टीशी जाऊन उभे राहावे. आणि परत आल्यावर, घुमटाला रंग देण्याआधी, आपली भुई उकरावी.