गोठ्यातलं थेटर

घरात माणसं चार आणि मोबाईल पाच, अशी घरं आता आमच्या गावात शोधावी लागत नाहीत. याच घरांतले लोक मला विचारतात, "मास्तर, गोठ्यात थेटर काढायची काय नड हुती? समदा शिनेमा खिशातच हाय की." त्यांना एकदा नीट उत्तर द्यावं म्हणून हे लिहितोय.

आधी खर्चाचं. बैल गेले, म्हैस विकली, परड्यातला गोठा रिकामा पडला. बावीस फूट लांब, अकरा फूट रुंद, दगडी भिंती, वर पत्रा. समोरची भिंत गिलावा करून सारखी केली. आठ फूट रुंद आणि साडेचार फूट उंच एवढा भाग पांढरा रंगवला, भोवतीनं काळा. एका बंद पडलेल्या क्लासवाल्याचा जुना प्रोजेक्टर १८ हजारांना मिळाला, तो भिंतीपासून बारा फुटांवर वाशाला टांगला. पत्र्याखाली आवाज असा घुमायचा की शब्द कळेना. मग बाकीच्या भिंतींना बारदान ठोकलं, पत्र्याखाली पाचटाचा थर दिला आणि खालून ताडपत्री ताणली. वायरी पाचटाला लागू नयेत म्हणून पाईपातून नेल्या. पाचटात उंदीर झालेत, त्यांच्यामागं मांजर येतं. तेही सिनेमा बघतं. गव्हाण तशीच ठेवली, मागं बसणाऱ्यांना ती बाकासारखी होते. लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे. पावसाची मोठी सर आली तर मात्र पाचटाचंही काही चालत नाही, सिनेमा थांबवावा लागतो.

सगळं मिळून ३१ हजार रुपये. गेल्या साली आमच्याच आळीत साखरपुड्याच्या डीजेला याहून जास्त गेले. त्याची नड कुणी विचारली नाही.

दुसरी मंडळी शहरातली. त्यांना माझा गोठा बघून तंबूतल्या सिनेमाची आठवण येते आणि डोळे पाणावतात. फिरत्या टॉकीजवरचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ साली कानच्या महोत्सवात गेला, तेव्हापासून हा गहिवर जरा वाढलाय. माहितीपट चांगलाच आहे. पण मला तंबू परत नको. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत मी तंबूत बसलोय. ट्रकात मशीन, बुडाखाली ढेकळं, मार्गशीर्षाची थंडी, रीळ तुटलं की शिट्ट्या. मजा होती, नाही कोण म्हणतंय? पण ती मजा पोरांची आणि गड्यांची. बायका दोरीपलीकडं एका अंगाला, पदर सावरून. माझ्या आईला सबंध जन्मात दोनदा तंबूत जायला मिळालं. पुढं १९९१ साली 'माहेरची साडी' आला तेव्हा गावच्या बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून तालुक्याला गेल्या. ते टॉकीज आता मंगल कार्यालय झालंय.

आता खरं भांडण. भावकीतले एक वडीलधारे सांगायला आले, "बायका रात्री धापत्तोर अंधारात बसत्यात, बरं दिसत न्हाय." आप्पा, हळदीच्या रात्री ह्याच बायका दोन वाजेपर्यंत पुऱ्या लाटतात, तेव्हा अंधार कुठं जातो? गावात पुरुषाला पार आहे, तालीम आहे, सोसायटीचा कट्टा आहे, सलूनचं बाकडं आहे. बाईला काय आहे? पूर्वी पाणवठा तरी होता. घरोघर नळ आला, डोक्यावरचा हंडा उतरला, फार चांगलं झालं. पण चार बायकांनी उभं राहून बोलायची जागा त्याच नळानं नेली, आणि तिच्या बदली दुसरी जागा कुणाही पुढाऱ्याला सुचली नाही.

आणि खिशातला सिनेमा म्हणता तो कुणाच्या खिशातला? घरातला काच फुटलेला मोबाईल बाईच्या वाट्याला येतो. तो ती चुलीपाशी, आवाज बारीक करून, सासूला ऐकू जाऊ नये अशा बेतानं बघते. हसू आलं तरी तोंडावर पदर. गोठ्यात त्याच बाया खदखदून हसतात.

'पिंजरा' लावला त्या रात्री सिनेमा संपल्यावर तासभर कुणी हललं नाही. गडी म्हणत होते, तमासगिरणीनं देवमाणूस नासवला. सत्तरी ओलांडलेली एक म्हातारी फाडकन म्हणाली, "त्यो काय कुकुलं बाळ हुता? मास्तराची एवडी हळहळ, त्या बाईची कुणाला?" मास्तर म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. ते असो. १९७२ चा सिनेमा, निम्म्या लोकांनी टीव्हीवर तुकड्यातुकड्यांत बघितलेला; पण हा प्रश्न गावात चारचौघांत कुणी विचारला नव्हता. सून सासूपुढं बोलली, सासू सुनेच्या बाजूनं बोलली. हे मोबाईलवर घडत असेल तर मला दाखवा, मी उद्या गोठ्यात परत म्हैस बांधतो.

आप्पांच्या घरचे आता स्वतःचा पाट घेऊन येतात. आप्पांनीही यावं. दर शनिवारी साडेसातला सुरू होतं. पुढची सतरंजी बायकांची, तिथं जागा मिळायची नाही. गव्हाणीवर बसा.