महाग तेच गुणकारी?

आमच्या देवळाली प्रवऱ्याचा ऊसवाला शेतकरी खताची गोणी सहजासहजी उचलत नाही. हिच्यात काय आहे, शेजारच्या स्वस्त गोणीत काय नाही, असे चार प्रश्न विचारतो. तरीही शंका उरली, तर राहुरीचे कृषी विद्यापीठ हाकेच्या अंतरावर आहे. हाच माणूस सुनेच्या उपचारासाठी शहरात गेला की मात्र मुका होतो.

मी तीस वर्षे गावात मेडिकल चालवले. परवा नात्यातले एक जोडपे डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आले. बीजांडे वाढवण्याची महागडी इंजेक्शने लिहिलेली. "काका, स्वस्तातली घेतली तर गुण कमी येईल का?" सुनेने विचारले. प्रश्न रास्त होता. तो डॉक्टरांना विचारायचा धीर तेवढा झाला नव्हता.

या औषधांच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली गोळ्यांची. क्लोमिफिन आणि लेट्रोझोल या दोन्ही गोळ्या शरीराकडूनच बीजांड वाढवणारे संप्रेरक जास्त स्रवून घेतात. पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रियांवर अमेरिकेत झालेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के स्त्रियांना मूल झाले, क्लोमिफिन घेणाऱ्यांपैकी १९.१ टक्के. आपल्या सरकारने २०११ मध्ये याच उपयोगासाठी लेट्रोझोलवर बंदी घातली होती. ती पुढे उठली.

दुसरी पायरी रजोनिवृत्त स्त्रियांच्या मूत्रातून काढलेल्या संप्रेरकांची. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ साली याच इंजेक्शनांचा आधार घेतला आणि भारतातले पहिले टेस्टट्यूब बाळ जन्मले. त्यांच्या हयातीत कोणी विश्वास ठेवला नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा जन्मली, तेव्हा कुठे महाराष्ट्राला ही वाट दिसली.

तिसरी पायरी जनुकीय तंत्राने प्रयोगशाळेत बनवलेल्या संप्रेरकाची. ते शुद्ध आणि एकसारखे असते, टोचायला सोयीचे असते आणि अर्थातच महाग असते. पण मूल होण्याच्या प्रमाणात मूत्रातून काढलेल्या औषधापेक्षा ठळक फरक पडतो का? ९,६०६ जोडप्यांच्या ४२ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०११ साली घेतला गेला. त्यात तसा फरक आढळला नाही.

याचा अर्थ चिठ्ठी परस्पर बदलावी असा नव्हे. मात्रा चुकली तर अंडाशय सुजतात, पोटात पाणी साठते, क्वचित जिवावर बेतते. म्हणूनच मधूनमधून सोनोग्राफी लागते. टेस्टट्यूब बेबीसाठी एकाच वेळी अनेक बीजांडे हवी असतात, तिथे बहुधा इंजेक्शनांवाचून भागत नाही. पण हेच औषध का, याहून स्वस्त का नको, आणि नवऱ्याची तपासणी झाली का, हे विचारणे हा उद्धटपणा नाही. चांगला डॉक्टर रागावत नाही, समजावून सांगतो.

सुनेला मी एवढेच म्हणालो, "पुढच्या खेपेला सासऱ्यांना बरोबर ने. खताच्या दुकानात विचारतात, तसे तिथेही विचारू देत." शेत गहाण टाकायच्या आधी निदान चार प्रश्न तरी विचारले गेले पाहिजेत.