रंग गेला म्हणून रोग गेला?

त्वचेला वर्ण देणाऱ्या पेशी बिघडल्या की मेलॅनोमा हा कर्करोग उद्भवतो. पेशी आपले नेमून दिलेले काम विसरली की ती बेबंद होते, अशी कर्करोगाविषयीची रूढ समजूत आहे. ती सर्वस्वी खरी मानली, तर रंगद्रव्य निर्माण करणारी पेशी त्यातल्या त्यात सौम्य आणि रंगहीन झालेली पेशी अधिक घातक ठरावयास हवी. निसर्ग मात्र इतक्या सरळ हिशेबाने चालत नाही.

सेल्मा सिलागी आणि एस. ए. ब्रूस यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. उंदराच्या 'बी-१६' मेलॅनोमाच्या काळ्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांना ब्रोमोडिऑक्सियुरिडीन हे द्रव्य अत्यल्प प्रमाणात देण्यात आले. डीएनएमधील थायमिडीनची जागा घेणारे हे द्रव्य. पेशी मेल्या नाहीत, वाढत राहिल्या. परंतु त्यांचा काळेपणा गेला आणि उंदरांना टोचल्यावर गाठ निर्माण करण्याची त्यांची शक्तीही लोपली. रंग आणि रोग दोन्ही एकदमच मावळले! द्रव्य काढून घेताच कालांतराने दोन्ही परतले.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पेशीची घातकता तिला न मारताही दबू शकते, ही आशेची गोष्ट. पण दबलेली घातकता नष्ट झालेली नसते, ही सावधगिरीची. पुढील संशोधनानेही हेच दाखविले, की मेलॅनोमाच्या पेशी रंग निर्मिणारी आणि आक्रमक अशा दोन अवस्थांमध्ये पालटू शकतात. उपचार निष्फळ ठरण्याचे ते एक कारण आहे. म्हणूनच काचपात्रातील यशाला रोगावरील विजय म्हणण्याची घाई कोणी करू नये.

रुग्णाच्या दृष्टीने तर रंगावरचा विश्वास प्राणघातक ठरू शकतो. काही मेलॅनोमा रंगहीन, गुलाबीसर असतात आणि साधी पुळी म्हणून दुर्लक्षिले जातात. सावळ्या वर्णाच्या लोकांत हा रोग विरळा खरा. पण जडतो तेव्हा तो बहुधा तळपाय, तळहात वा नखाखाली दडतो. १९८१ साली निधन पावलेले गायक बॉब मार्ले यांचा रोग पायाच्या अंगठ्यातच सुरू झाला होता. केवळ 'काळ्या तिळा'ची भीती घालणारे लोकशिक्षण त्यामुळे अपुरे आहे. न भरणारी जखम, वाढणारी गाठ, नखावरची रुंदावत जाणारी रेघ यांचीही दखल घ्यावयास लोकांना शिकविले पाहिजे. रंग ही रोगाची एक खूण आहे, निवाडा नव्हे.