बहात्तर जेवणे आणि एक ग्लास रस



मागच्या महिन्यात प्रार्थनेनंतर सिनेगॉगच्या पायरीवर एका भगिनीने आम्हांला गाठले. म्हणाल्या, "सिस्टर, मुलगा सगळ्यांना अमेरिकेत डिस्नी वर्ल्डला नेतोय. जेवणाचा प्लॅन घ्यायचा की नाही म्हणून रोज घरात वाद चालतो. तुम्ही दोनदा जाऊन आलात, तुम्हीच सांगा." पायरीवर उभ्याने सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून आज ह्या सदरात सांगतो. मुलांनाही जवळ बसवा. ज्यांना मराठी वाचता येत नाही त्यांना आजीने वाचून दाखवावे. गोष्टीत त्यांचेही काम आहे.

आधी थोडी माहिती. फ्लोरिडात ऑर्लंडो शहराजवळ 1 ऑक्टोबर 1971 रोजी वॉल्ट डिस्नी वर्ल्ड सुरू झाले. त्याच साली आम्ही मुंबई सोडून इस्रायलला आलो, म्हणून साल पक्के लक्षात आहे. तिथे आता चार मोठी पार्क आहेत: मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम. एका दिवसात एकच पार्क नीट पाहून होते, तेही पायांचे तुकडे पडेपर्यंत चालून. डिस्नीच्याच हॉटेलात उतरणाऱ्यांना खोलीबरोबर 'डायनिंग प्लॅन' विकत घेता येतो. म्हणजे जेवणाचे पैसे आगाऊ भरायचे आणि मग दर जेवणाला एक एक कूपन वापरायचे. ते लोक त्याला क्रेडिट म्हणतात. आमच्या लहानपणी खाणावळीत महिन्याचे पैसे आधी भरायचे, तसाच हा प्रकार.

पहिल्यांदा आम्ही गेलो ऑगस्ट 2019 मध्ये. आम्ही दोघे, न्यू जर्सीचा आमचा धाकटा, सूनबाई, सहा वर्षांची नात आणि तीन वर्षांचा नातू. चार रात्री मुक्काम. त्या वेळी डीलक्स नावाचा सगळ्यांत मोठा प्लॅन होता. त्यात दर माणशी, दर रात्रीमागे तीन जेवणे, आणि तीही हवी तर टेबलावर बसून वाढलेली. धाकटा म्हणाला, "आई, एकदाच जातोय, घेऊन टाकू." आम्हीही मान डोलावली. वर खाऊ आणि प्यायला मगही होता. आम्ही खूश!

हिशेब कोणी केला नाही. आता करून बघा, मुलांनो. सहा माणसे, चार रात्री, रोज तीन जेवणे. किती झाली? बहात्तर! टेबलावरच्या एका जेवणाला तास सव्वा तास सहज जातो. म्हणजे रोजचे साडेतीन-चार तास ताटापुढे. तीन वर्षांचे पोर तितका वेळ बसते का? आणि पैसे भरलेत म्हणून टाकवतही नाही. सकाळी भूक नसताना आम्ही जेवायला जायचो आणि दुपारी पाळण्याची रांग सोडून पुन्हा जेवायला धावायचो. माझगावच्या सर एली कदूरी शाळेत डब्यातली अर्धी चपाती मैत्रिणीला देऊन आनंदाने खेळायला पळणारी आमची पिढी, आणि इथे आम्ही कूपने संपवायला जेवत होतो.

तिसऱ्या दिवशी जे घडले ते सांगायला आजही लाज वाटते, पण सांगतो, कारण आपल्या वाचकांत मधुमेहाचे पुष्कळ जण आहेत.

आमचे हे बारा वर्षे इन्शुलिनवर. घरी बरोबर साडेसातला जेवण, सव्वासातला सुई. त्या संध्याकाळी टेबल साडेसातचे ठरले होते. ह्यांनी शिस्तीप्रमाणे सव्वासातला रेस्टॉरंटच्या दारात सुई घेतली. आम्हीच पिशवीतून काढून दिली. टेबल मिळायला पावणेआठ झाले. पुढे कोशर ताटाचा घोळ. तिथे टेबलावर कोशर जेवण हवे असेल तर निदान 24 तास आधी कळवावे लागते. ताट बाहेरून दुहेरी बंद होऊन येते आणि तसेच गरम करून तुमच्यासमोर उघडतात. आम्ही कळवले होते त्याच दिवशी सकाळी. चूक सर्वस्वी आमची. ती मंडळी बिचारी शोधाशोध करीत राहिली, आणि आम्ही "येईल, येईल" म्हणत बसलो.

सव्वाआठच्या सुमारास हे नातीवर खेकसले. कधी आवाज न चढवणारा माणूस! आम्हांला वाटले, उन्हात दिवसभर चालून थकले आहेत. मग शब्द जड यायला लागले. तरी आम्ही म्हणतो, "झोप येतेय तुम्हांला." चौतीस वर्षे वॉर्डात काढलेली नर्स, आणि हे बोलते!

नातीने त्यांचा हात धरला होता. ती म्हणाली, "सावता, सबाचा हात ओला आहे. आणि थंड."

तेव्हा आमचे डोळे उघडले. यंत्र लावले तर साखर 48. तिच्याच पुढ्यातला सफरचंदाचा रस ह्यांच्या तोंडाला लावला. पंधरा मिनिटांनी 79 झाली, मग पाव दिला, मग ताट आले. ह्यांनी पहिले वाक्य काय बोलावे? "मी पोरीला ओरडलो का?" सूनबाई उठून बाहेर गेली आणि डोळे पुसून परत आली. त्या रात्री उरलेल्या कूपनांची चौकशी कोणी केली नाही.

म्हणून वाचकहो, हे आधी लिहून ठेवा. जेवणाबरोबर घ्यायचे जलद इन्शुलिन परक्या ठिकाणी घड्याळ बघून घेऊ नये. ताट समोर आल्यावर घेता येईल का, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. खूप चालले की साखर आणखी उतरते. घाम, थरथर, उगाच चिडचिड, जड जीभ, अशी लक्षणे दिसली की आधी साखर मोजा. 70 च्या खाली असेल तर अर्धा कप फळांचा रस किंवा साधे साखरेचे सरबत द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि अजून कमी असेल तर पुन्हा द्या. यंत्र जवळ नसेल तर वाट बघू नका, रस देऊन टाका. डाएट पेय चालत नाही, त्यात साखरच नसते. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काही घालू नका, लगेच मदत बोलवा.

महामारीत, 2020 साली, सगळे प्लॅन बंद झाले. 9 जानेवारी 2024 पासून दोन परत सुरू झाले, डीलक्स काही आला नाही. डिसेंबर 2024 मध्ये आम्ही पुन्हा निघालो. ह्यांची इच्छा नव्हती. "माझ्यामुळे पोरांची मजा जाते," म्हणायचे. नातीने फोनवर सांगितले, "सबा नसेल तर मीही जाणार नाही." झाले, मग जावेच लागले!

ह्या वेळी आम्ही वही घेऊन बसलो. धाकटा फोनवर, आम्ही अश्दोदला. 2024 चे भाव असे होते. लहान प्लॅन, म्हणजे दर रात्रीमागे काउंटरवरची दोन जेवणे, एक खाऊ आणि पुन्हा पुन्हा भरता येणारा मग. मोठ्यांना 57 डॉलर, मुलांना सुमारे 24. मोठा प्लॅन, म्हणजे टेबलावरचे एक जेवण, काउंटरवरचे एक, एक खाऊ आणि मग. मोठ्यांना सुमारे 94 डॉलर, मुलांना सुमारे 30. आता जाणाऱ्यांनी ताजे भाव विचारून घ्यावेत, पण हिशेबाची रीत तीच.

पहिली गोष्ट, मूल कोणाला म्हणायचे? आपल्याकडे मुलगी बाराव्या वर्षी आणि मुलगा तेराव्या वर्षी जाणता होतो. डिस्नीच्या हिशेबात तीन ते नऊ वर्षे हे मूल, आणि दहावे लागले की जेवणापुरता मोठा माणूस. तीनच्या आतल्यांना प्लॅन लागत नाही. आमची नात अकरा वर्षांची झाली होती. मोठ्या प्लॅनमध्ये तिचे चार रात्रींचे 119 च्या जागी 377 डॉलर. पोरगी तीच, खाणे चिमणीएवढे, आणि पैसे तिप्पट!

दुसरी गोष्ट, एका बुकिंगमध्ये असलेल्या सगळ्यांना एकच प्लॅन घ्यावा लागतो. आजीला नको आणि नातवाला हवा, असे चालत नाही. म्हणून आम्ही दोन खोल्यांची बुकिंगे वेगळी केली. आम्हां दोघांचे मोठ्या प्लॅनचे चार रात्रींचे 754 डॉलर झाले असते. आम्ही खाणार किती? एक वाटी भाजी आणि दीड चपाती! आम्ही प्लॅन घेतलाच नाही. धाकट्याच्या खोलीला लहान प्लॅन घेतला, चौघांचे मिळून सुमारे 779 डॉलर. मोठा घेतला असता तर 1,250 झाले असते.

तिसरी गोष्ट, प्लॅनमध्ये बक्षिशी नसते, ती टेबलावर वेगळी द्यावी लागते. सिंड्रेलाच्या किल्ल्यातल्या जेवणाला एक नाही, टेबलाची दोन कूपने जातात. न वापरलेली कूपने निघायच्या दिवशी मध्यरात्री मरतात, त्यांचे पैसे परत येत नाहीत. टेबल 60 दिवस आधीपासून राखता येते. ठरवून गेला नाहीत आणि वेळेवर रद्दही केले नाहीत, तर पुष्कळ ठिकाणी दंड लागतो.

मग आम्ही दोघे काय जेवलो? डिस्नीच्या पार्कात घरचे खाणे न्यायला बंदी नाही, फक्त काचेची बाटली नको. सूनबाईने न्यू जर्सीहून चपात्या आणि बटाट्याची सुकी भाजी आणली होती, ती खोलीतल्या लहान फ्रिजमध्ये राहिली. सकाळी डबा भरायचा. जिथे यंत्रातून थंड पेये मिळतात अशा काउंटरवर बर्फाचे पाणी मागितले तर फुकट देतात, म्हणून पाण्याचे ओझेही नाही. प्रत्येक पार्कात प्रथमोपचाराची खोली असते आणि तिथे नर्स असते. आम्ही पहिल्याच दिवशी जाऊन ओळख करून घेतली. एका नर्सला दुसरी भेटली की तास कसा जातो कळत नाही!

टेबलावर सगळ्यांनी मिळून एकच जेवण ठेवले, गुरुवारी सकाळी साडेअकराचे, मिकी माऊस टेबलापाशी येतो ते. कोशर ताटांचे ह्या वेळी तीन दिवस आधी कळवले. नात ह्यांच्या शेजारी बसली. सुईची पिशवी तिने स्वतःच्या मांडीवर घेतली. मिकी आला, फोटो झाले, नातू नाचला, पण पिशवी सोडली नाही. ताट आले, झाकण निघाले, तेव्हा तिने पिशवी पुढे केली आणि म्हणाली, "सबा, ताट आलं. आता सुई." ह्यांनी मुकाट्याने हुकूम पाळला. दोघांचे रोख पैसे भरले, आणि ते एक जेवण मागच्या सगळ्या जेवणांपेक्षा अंगी लागले.

शुक्रवारी संध्याकाळी सगळे आमच्या खोलीत जमले. हॉटेलात ज्योत पेटवायला मनाई, म्हणून बॅटरीचे दोन दिवे लावले. धाकट्याने शहरातल्या कोशर दुकानातून मासे आणि पाव आणला. किद्दुशसाठी आम्ही काळ्या मनुका सकाळपासून ग्लासात भिजत घातल्या होत्या. कोकणात आपले आजेपणजे द्राक्षारस मिळत नसे तेव्हा असेच करीत. मुलांनी कधी पाहिले नव्हते. नातू म्हणाला, "हा तर मॅजिक ज्यूस!" शेवटी भिजवलेले पोहे, खोबरे, साखर आणि वेलची कालवून दिली. विधीचा मलिदा नव्हे, नुसते खाणे. चूल लागत नाही, भांडी लागत नाहीत. ह्यांना दोन चमचे. शनिवारी मुले पार्कात गेली, आम्ही दोघे खोलीत विसावलो. त्यावरून कोणी कोणाला बोलले नाही.

रविवारी निघताना धाकट्याची तीन जेवणे उरली होती. सँडविच बांधून घेतले आणि विमानतळावर संपवले. आम्ही म्हटले, "बहात्तरातून तिनावर आलो, पास झालो!"

तर भगिनी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे. कोणता प्लॅन स्वस्त, हे आधी विचारू नका. कागद घ्या, घरातल्या प्रत्येकाचे नाव लिहा. पुढे तो किती खातो, किती वाजता खातो आणि किती वेळ एका जागी बसतो, ते लिहा. मोठे खाणारे तरुण असतील आणि रोज एकदा टेबलावर बसायचेच असेल, तर मोठा प्लॅन परवडेल. पोरे धावती असतील तर लहान पुरे. म्हातारी माणसे, पथ्याची माणसे असतील तर बुकिंग वेगळे आणि डबा बरोबर. आणि प्लॅन असो नसो, सगळ्यांनी मिळून बसायचे एक जेवण आधी ठरवा. बाकीची त्याच्या मागून येतील.

मुलांनो, आता तुमचे काम. तुमचे सबा किंवा सावता सुई घेत असतील तर आज त्यांना विचारा की पिशवी कुठे असते आणि रस कुठे ठेवलेला असतो. विचारून झाले की त्यांचा हात हातात धरून बघा, कोरडा आणि उबदार असताना कसा लागतो ते. म्हणजे कधी वेगळा लागला तर तुम्हांला सगळ्यांच्या आधी कळेल. आमच्या घरी नर्सच्या आधी ते सहा वर्षांच्या मुलीला कळले होते.

पुढच्या अंकात भेटू. सगळ्यांना शब्बाथ शालोम.